प्रश्न विचारणारी दोन माणसे

(पनवेल येथील प्रौढ साक्षरता वर्गात केलेले भाषण)



तुम्ही शेतावरून, बाजारातून, कामावरून थेट इकडे आला आहात. काही बायांची घरी अजून भाकरी थापायची आहे. म्हणून मी लांबण लावणार नाही. आज दोन माणसांची गोष्ट सांगतो. एक माणूस आपल्या महाराष्ट्रातला. तुमच्यापैकी कोणाच्या आजा-आजीने त्याला डोळ्यांनी पाहिलेही असेल. दुसरा सातासमुद्रापलीकडचा. त्याला मरून 2400 वर्षे होऊन गेली. दोघांचा देश वेगळा, भाषा वेगळी, काळ वेगळा. पण दोघांचे काम एकच. लोकांना प्रश्न विचारायचे.

त्याआधी माझ्या घरची एक गोष्ट सांगतो. म्हणजे हा विषय मी का धरला ते कळेल.

माझे आजोबा भातशेती करीत. घरात लग्न निघाले, पैसा नव्हता, तेव्हा त्यांनी शेताचा एक तुकडा विकला. कागद लिहिणाऱ्याने कागद लिहिला, भरभर वाचून दाखवला आणि विचारले, "समजलं ना?" आजोबांनी मान हलवली. अंगठा उठवला. चार पावसाळे गेले. मग एक दिवस उरलेल्या शेतात जायला त्यांना वाट मिळेना. बैल नेऊ देईनात. का? तर बांधावरची वाटही त्याच कागदात गेली होती. आजोबा मरेपर्यंत म्हणत, "मला समजलं नव्हतं रे. पण चारचौघांत विचारायची लाज वाटली."

आजोबांना वाचता येत नव्हते, हे खरेच. पण तोंड तर होते! ही वाट काय, हा आकडा कसला, एवढे विचारायला अक्षरओळख लागत नाही. तुम्ही आता वाचायला शिकला आहात. फार चांगले झाले. पण वाचता येते आणि विचारता येत नाही, अशी माणसे मी पुष्कळ पाहिली आहेत. शिकलेली, कोट घातलेली.

आता पहिल्या माणसाची गोष्ट.

अमरावती जिल्ह्यात शेंडगाव नावाचे गाव आहे. तिथे 23 फेब्रुवारी 1876 रोजी परिटाच्या घरी एक मुलगा जन्मला. नाव देबू. बाप दारूच्या नादाने लवकर गेला. आई त्याला घेऊन माहेरी आली. दापुरे हे मामाचे गाव. देबू तिथे गुरे राखी, नांगर धरी. शाळा त्याला माहीत नव्हती.

मामाची शेती चांगली होती. पण मामाने सावकाराचे कर्ज घेतले. मामाला लिहिता-वाचता येत नव्हते. सावकार कागद पुढे करी आणि मामा अंगठा उठवी. पैसे देत राहिले तरी कर्ज फिटेना. शेवटी शेत सावकाराच्या घशात गेले. पुढे सावकाराची माणसे शेताचा ताबा घ्यायला आली, तेव्हा हा तरुण भाचा त्यांना आडवा झाला, असे त्याच्या चरित्रांत सांगतात.

हाच देबू पुढे गाडगेबाबा झाला. माझ्या आजोबांची वाट गेली तेव्हा घर रडले आणि गप्प बसले. देबूचे तसे झाले नाही. मामाचे शेत का गेले, हा प्रश्न त्याच्या डोक्यात राहिला, आणि पुढे तो त्याने सगळ्या महाराष्ट्राला विचारला.

1905 साली त्यांनी घर सोडले. अंगावर चिंध्या, हातात काठी, जवळ मातीचे गाडगे. त्यातच खायचे, त्यातच प्यायचे. एका कानात कवडी, दुसऱ्या कानात फुटक्या बांगडीची काच. गावात शिरले की कोणाशी बोलायचे नाही. खराटा घ्यायचा आणि रस्ता झाडायला लागायचे. लोकांना वाटे, कोण हा वेडा? पोरे मागे लागत. दुपारपर्यंत निम्मा गाव झाडून होई. मग एखादा शरमून स्वतःचा खराटा घेऊन बाहेर येई. मग दुसरा. पाया पडायला कोणी आले तर बाबा काठी उगारीत.

रात्री कीर्तन. पण ते कीर्तन काही वेगळेच. आपल्याकडे कीर्तनकार बोलतो आणि आपण माना डोलावतो. मध्ये एखादी डुलकीही काढतो. बाबांच्या कीर्तनात डुलकी काढायची सोय नव्हती. ते प्रश्न विचारीत आणि सगळ्या सभेकडून उत्तर घेत. दारू चांगली की वाईट? सभा म्हणे, वाईट. मग ती पिऊन घर वर येते की खाली जाते? सभा म्हणे, खाली जाते. मग आपण कोणाच्या सांगण्यावरून पितो? आता मात्र सभा गप्प. ज्याची त्याला आठवण होई.

देवाला बोकड कापण्याचे तसेच. जगातली सगळी लेकरे देवाची, हे सभेकडून कबूल करून घ्यायचे. बोकडही देवाचेच लेकरू, हेही कबूल करून घ्यायचे. मग विचारायचे की लेकराचे रक्त बापाला गोड कसे लागेल? दुसरे कोणी म्हणाले असते, "बोकड कापू नका," तर लोक भांडले असते. पण इथे उत्तर त्यांच्याच तोंडून निघालेले. स्वतःशी भांडण कसे करायचे?

कर्ज काढून लग्न-सण करणारे, यात्रेला जाणारे, शिवाशिव पाळणारे, पोरीला शाळेत न घालणारे, सगळे या प्रश्नांच्या तडाख्यात सापडत. भाषा वऱ्हाडी, रोजची. बाबा स्वतः शाळेत गेले नव्हते. पण पोरांना शिकवा, एकवेळ जेवायचे ताट मोडा पण शिकवा, हे त्यांचे सांगणे घरोघर गेले. शिकलेला माणूस काय करू शकतो हे सांगताना ते डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे उदाहरण देत. पंढरपूरला अस्पृश्य वारकऱ्यांना उतरायला जागा मिळत नसे, म्हणून बाबांनी तिथे चोखामेळा धर्मशाळा बांधली होती. ती त्यांनी 1949 साली बाबासाहेबांच्या शिक्षणसंस्थेच्या हवाली केली. नाशिक, आळंदी, देहू, मुंबई अशा ठिकाणीही धर्मशाळा उभ्या राहिल्या. लाखो रुपये हातातून गेले. स्वतःसाठी गाडगे ते गाडगेच. 20 डिसेंबर 1956 रोजी अमरावतीजवळ, वलगावच्या वाटेवर, ते गेले. त्याआधी चौदाच दिवस बाबासाहेब गेले होते. बाबांचे शेवटचे कीर्तन त्याच वर्षी मुंबईत वांद्र्याला झाले. ते ध्वनिमुद्रित झाले आहे, आणि आजही ऐकायला मिळते. कोणाच्या मोबाईलवर असेल तर जरूर ऐका. बाबा विचारतात आणि सभा एका आवाजात उत्तर देते, ते ऐकून अंगावर काटा येतो.

आता दुसरा माणूस. याचे नाव सॉक्रेटिस. नाव जरा जड आहे. दोनदा म्हणा, जिभेवर बसेल.

ग्रीस देशात अथेन्स नावाचे शहर आहे. सॉक्रेटिस तिथला. बाप पाथरवट, आई सुईण. हाही गडी कसा? पायांत वहाणा नाहीत. उन्हाळा-हिवाळा एकच पांघरूण. घरी बायको, तीन मुलगे. हा सकाळीच बाजारात जाऊन उभा राही आणि भेटेल त्याला गाठून प्रश्न विचारी. शिकवण्याचे पैसे घेत नसे. एक ओळ लिहून ठेवली नाही. आपल्याला जे कळते ते त्याच्या शिष्यांनी, विशेषतः प्लेटो नावाच्या शिष्याने, लिहिले म्हणून. शिष्य म्हटले खरे, पण सॉक्रेटिस म्हणे की मी कोणाचा गुरू नाही. गाडगेबाबाही तेच म्हणत, मी कोणाचा गुरू नाही आणि माझा कोणी शिष्य नाही. या दोघांची कधी गाठ पडली नाही, पण बोलणे कसे जुळले पाहा.

सॉक्रेटिस म्हणे, मी आईचाच धंदा करतो. मावशी, तुमच्यात कोणी सुईणपण केले आहे? केले असेल तर तुम्हांला हे लगेच कळेल. सुईण मूल देत नाही. मूल आईच्याच पोटात असते. सुईण फक्त बाहेर यायला हात देते. तसे शहाणपण माणसाच्या पोटात असते, प्रश्न विचारून ते बाहेर काढायचे.

त्याची रीत कशी, ते एका उदाहरणाने सांगतो. एकदा दोन सेनापतींशी त्याचे बोलणे चालले होते. विषय निघाला, शूर कोणाला म्हणावे? एक सेनापती म्हणाला, यात काय अवघड आहे, जो आपली जागा सोडून पळत नाही तो शूर. सॉक्रेटिसने विचारले, पण काही लोक मागे हटत हटत लढतात आणि शत्रूला खडे चारतात, ते शूर नाहीत? आपल्याला हे पटकन पटेल. गनिमी कावा आपल्या रक्तातच आहे! सेनापतीला मान्य करावे लागले. सॉक्रेटिसने पुढे विचारले, आणि जो आजारपणात खचत नाही, गरिबीत खचत नाही, समुद्रात वादळाला भीत नाही, तो? तोही शूरच. मग सेनापती म्हणाला, मनाचा टिकाव म्हणजे शौर्य. सॉक्रेटिस म्हणाला, आणि मूर्खपणाने टिकून राहिला तर? झाले! सेनापती पुन्हा अडकला. आयुष्य लढाईत गेले, पण शौर्य म्हणजे काय ते सांगता येईना. हा सेनापती मनाचा मोठा, रागावला नाही. पण सगळेच असे नसतात.

इथे मला दोघांत एक फरक दिसतो. सॉक्रेटिस पुष्कळदा प्रश्न अर्ध्यावर सोडून देई. उत्तर मलाही ठाऊक नाही, म्हणे. गाडगेबाबांच्या मनात उत्तर पक्के असे. ते सभेला बोट धरून तिथवर नेत, आणि कीर्तन संपले की सकाळी हातात खराटा देत. माझ्या मते गावाला बाबांची रीत जास्त लागू पडते. पण स्वतःची अक्कल तपासून पाहायची असेल तर सॉक्रेटिसच पाहिजे. बाबांच्या प्रश्नाने दुसऱ्याचे डोळे उघडतात. सॉक्रेटिसच्या प्रश्नाने आपलेच.

सॉक्रेटिस नुसता बोलघेवडा नव्हता. शहरावर लढाईची वेळ आली तेव्हा तो शिपाई म्हणून तीन मोहिमांवर गेला. अथेन्समध्ये राजा नव्हता. लोक सभा भरवून कारभार करीत, आपल्या ग्रामसभेसारखे. अर्थात त्या सभेत बायकांना जागा नव्हती, गुलामांना नव्हती. एवढे शहाणे शहर, पण हा प्रश्न फारसा कोणी विचारला नाही.

एकदा लढाईनंतर सेनापतींवर खटला झाला. बुडालेल्या आपल्या माणसांना त्यांनी वाचवले नाही, असा आरोप होता. लोक खवळले होते. सगळ्या सेनापतींना एकदमच दोषी ठरवा, म्हणाले. कायदा सांगत होता की प्रत्येकाची चौकशी वेगळी झाली पाहिजे. त्या दिवशी सॉक्रेटिस सभेच्या पंचांत होता. तो म्हणाला, कायद्याबाहेर मी जाणार नाही. त्याचे कोणी ऐकले नाही. सेनापतींना मारले आणि मग लोक पस्तावले. पुढे शहर 30 जुलमी माणसांच्या हाती गेले. त्यांनी सॉक्रेटिसला आणि आणखी चौघांना हुकूम केला, अमुक एका निरपराध माणसाला पकडून आणा, त्याला ठार करायचे आहे. चौघे निघाले. सॉक्रेटिस उठला आणि सरळ घरी गेला. त्यापायी जीव गेला असता. पण ते सरकारच लवकर पडले.

हे सांगताना मला आपल्याच मुलखातली एक गोष्ट आठवते. 25 सप्टेंबर 1930. चिरनेरचा जंगल सत्याग्रह. चिरनेर इथून लांब नाही. जंगल आमचे, आणि त्यातले लाकूड तोडायला आम्हांला बंदी का, हा प्रश्न आगरी, कातकरी, कोळी, सगळ्या जातींच्या लोकांनी कोयते-कुऱ्हाडी घेऊन विचारला. रात्री चोरून नव्हे. दिवसाढवळ्या, अक्कादेवीच्या माळावर. गोळीबार झाला. आठ सत्याग्रही पडले. त्यांत नाग्या महादू कातकरी होता. पनवेलचे मामलेदार जोशी हे सरकारचे अधिकारी, तेही त्याच गोळीबारात गेले. गोळी चालवायला त्यांनी संमती दिली नाही, असे आपल्या भागात सांगतात. एका बाजूला कुऱ्हाड घेतलेला कातकरी, दुसऱ्या बाजूला सरकारी मामलेदार. दोघे एकाच दिवशी, एकाच जागी गेले.

आता सॉक्रेटिसचे पुढे काय झाले? जे व्हायचे तेच. मोठ्या लोकांना प्रश्न आवडत नाहीत. इसवी सनापूर्वी 399 साली त्याच्यावर खटला भरला. हा शहराचे देव मानत नाही आणि तरुण पोरांना बिघडवतो, हा आरोप. तेव्हा तो 70 वर्षांचा होता. न्याय करायला चिठ्ठ्या टाकून निवडलेले सुमारे 500 नागरिक बसले होते. हात जोडले असते, बायकापोरांना रडायला आणून उभे केले असते, तर कदाचित सुटला असता. त्याने तसे केले नाही. तो म्हणाला, सुस्त घोड्याला गोमाशी चावून जागे ठेवते, तसा मी या शहराला जागे ठेवतो. माझे तोंड बंद करून सोडणार असाल तर ती सुटका मला नको. तीस मते इकडची तिकडे झाली असती तर तो सुटला असता. झाली नाहीत. विष पिऊन मरण्याची शिक्षा झाली.

शिक्षा लगेच झाली नाही. सणासाठी शहराचे एक जहाज बाहेर गेले होते, ते परत येईपर्यंत कोणाला मारायचे नाही असा नेम होता. त्या दिवसांत त्याचा जुना मित्र क्रिटो पहाटे तुरुंगात आला. म्हणाला, पहारेकऱ्याला पैसे दिले आहेत, सगळे ठरले आहे, चल. मुलांचा तरी विचार कर.

सॉक्रेटिसने तिथेही प्रश्नच विचारले! या शहराच्या कायद्याने माझ्या आईबापांचे लग्न झाले, मी वाढलो, शिकलो. 70 वर्षांत मला कायदा पसंत नाही म्हणून मी गाव सोडले का? नाही. कायदा बदलायला सभेत बोलायची मोकळीक होती की नव्हती? होती. मग निकाल माझ्या उलट गेला म्हणून रात्री वेषांतर करून पळायचे? क्रिटोला उत्तर देता येईना. जहाज आले. सॉक्रेटिसने विषाचा पेला घेतला.

तुम्ही म्हणाल, हे काय? एकदा हुकूम मोडून घरी जातो, आणि एकदा चुकीचा निकालही मानतो! मीही यावर पुष्कळ विचार केला. मला असे वाटते की त्याने एकच रेघ आखली होती. दुसऱ्यावर अन्याय करायला कोणी सांगितले तर करायचा नाही, मग ते सरकार का असेना. आणि आपल्यावर आला तर तोंडाने बोलायचे, पण चोरवाटेने पळायचे नाही. तुम्हांला हे पटले नाही तर सांगा. क्रिटोने फार लवकर हार मानली, असे म्हणणारी माणसेही आहेत.

गांधीजींना मात्र हा माणूस फार आवडला. 1908 साली ते दक्षिण आफ्रिकेत होते. तिथे त्यांनी सॉक्रेटिसची कोर्टातली जबानी गुजरातीत उतरवली आणि आपल्या 'इंडियन ओपिनियन' पत्रात छापली. तिला सत्यवीराची कथा म्हटले. पुढे तिचे छोटे पुस्तक निघाले. 1910 साली मुंबई सरकारने त्या पुस्तकावर बंदी घातली. बघा मंडळी, माणूस मरून तेवीसशे वर्षे झालेली, आणि इंग्रज सरकार त्याला भ्यायले!

आता आपल्या दारातले बोलू. पनवेलला 1852 सालापासून नगरपालिका होती. 1 ऑक्टोबर 2016 रोजी महानगरपालिका झाली. मोठे रस्ते आले, विमानतळ आला. त्याबरोबर कागदही आले. जमिनीचा कागद, कर्जाचा कागद, भरपाईचा कागद. आजोबांच्या वेळेपेक्षा शंभरपट जास्त. आणि पुढे करणारा माणूस अजून तेच विचारतो, "समजलं ना?"

तुमच्या हाती आता दोन गोष्टी आहेत. एक ग्रामसभा. बहुधा 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट, 2 ऑक्टोबर या दिवसांच्या सुमारास ती भरते. गावाच्या मतदारयादीत नाव आहे तो प्रत्येक माणूस, प्रत्येक बाई, तिचा सभासद. दुसरी, 2005 सालचा माहितीचा अधिकार. आमच्या रस्त्याला पैसे किती आले, कुठे गेले, हे साध्या कागदावर लिहायचे. दहा रुपये फी. दारिद्र्यरेषेखाली असाल तर तीही नाही. 30 दिवसांत उत्तर द्यावे लागते. नाही दिले तर वर दाद मागता येते. अर्ज नीट वाचता येईल असा लिहावा आणि त्याची एक प्रत शिक्का मारून आपल्याजवळ ठेवावी. देबूच्या मामाने पावती घेतली नव्हती.

गेल्या आठवड्यात याच वर्गात एका ताईने पाटीवर एक वाक्य लिहिले. धडा तिने पाहूनच लिहायचा होता. तिने धडा सोडला आणि लिहिले, "आमच्या वाडीत पाणी का नाही?" 'वाडीत' मधली वेलांटी चुकली होती. मी ती सुधारायला खडू उचलला आणि तसाच खाली ठेवला. प्रश्न बरोबर होता. त्याचे उत्तर मला देता आले नाही. तो प्रश्न आता कागदावर उतरवायचे चालले आहे. वेलांटी तिने स्वतःच दुरुस्त केली.

आज अर्धा तास मी बोललो आणि तुम्ही ऐकले. गाडगेबाबांच्या सभेत हे चालले नसते, सॉक्रेटिसच्या बाजारात तर नाहीच. म्हणून आता मी बसतो. मागे खांबाजवळ बसलेल्या आजींनी मघाशी, त्या तुरुंगाच्या गोष्टीच्या वेळी, हात वर केला होता. मी पाहिले होते.

बोला आजी. उठू नका, बसूनच विचारा.